शॅले घ्यायचं तर आधी चढ मोजा: आयगरच्या पायथ्याशी स्कीचा एक आठवडा

घरमालकीणबाईंनी कळवलं होतं, "स्टेशनपासून पाच मिनिटं." त्यांची पाच मिनिटं खोटी नव्हती. फक्त ती जून महिन्यातली होती, हात मोकळे असतानाची होती आणि घराकडून स्टेशनकडे उतरतानाची होती. आम्ही पोचलो जानेवारीत, संध्याकाळी सहाला, चार बॅगा घेऊन. दहा पावलांतच बॅगांच्या चाकांत बर्फ गच्च बसला आणि चाकं फिरायची थांबली. त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत मला शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, भाड्याने घेण्याबद्दल जे कळलं, ते आधीच्या दोन महिन्यांच्या फोटोशोधात कळलं नव्हतं.

हा लेख स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलँडमधल्या, म्हणजे आयगर आणि युंगफ्राउ या शिखरांच्या पायथ्याच्या गावांपुरता आहे. आल्प्समध्ये इतरत्रही यातलं बरंचसं लागू पडेल, पण नियम आणि रेल्वे देशागणिक बदलतात.

गाव आधी, घर नंतर

या भागात राहायला मुख्यतः तीन गावं: ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन आणि म्युरेन. फोटोत तिन्ही सारखीच दिसतात, राहायला मात्र अगदी वेगळी आहेत.

ग्रिंडेलवाल्ड 1034 मीटरवर आहे आणि तिथे गाडी थेट दारापर्यंत नेता येते. गाव मोठं, पसरलेलं. मेन्लिखेन डोंगरावर नेणारा गोंडोला (तारेवरच्या छोट्या डब्यांची लिफ्ट) आणि डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेली आयगर एक्सप्रेस ही केबल कार गावाच्या खालच्या अंगाला ग्रुंडच्या बाजूला आहेत, तर फर्स्ट नावाच्या डोंगरमाथ्यावर नेणारा गोंडोला वरच्या बाजूला. ग्रुंड स्टेशन 943 मीटरवर, गावचं मुख्य स्टेशन 1034 वर. म्हणजे एकाच गावात नव्वद मीटरचा चढ. "ग्रिंडेलवाल्डमध्ये घर मिळालं" एवढ्यावर खूश होऊ नका. कुठल्या लिफ्टच्या बाजूला मिळालं ते विचारा.

वेंगेन 1274 मीटरवर, दरीच्या काठावरच्या सपाटीवर वसलेलं. तिथे मोटारीने जाता येत नाही. खालच्या लाउटरब्रुनेन गावाच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवायची आणि दातेरी रुळावरच्या गाडीने साधारण पंधरा मिनिटांत वर जायचं. गावात सामान हलवायला बॅटरीवरच्या छोट्या गाड्या असतात. मेन्लिखेनची केबल कार गावातूनच सुटते, नवशिक्यांचा उतारही गावाच्या मधोमध आहे. लहान मुलं बरोबर असतील आणि कुणी पहिल्यांदाच स्कीवर उभं राहणार असेल, तर माझं मत डोळे मिटून वेंगेनला. मूल रडायला लागलं की दहा मिनिटांत घरी आणता येतं, ही सोय कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते.

म्युरेन 1638 मीटरवर. तेही मोटारींविना, त्याहून शांत आणि उंचीमुळे गावातच बर्फ असण्याची शक्यता जास्त. पण ते दरीच्या पलीकडच्या बाजूला आहे. तिथून वेंगेनच्या उतारांवर जायचं तर आधी खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं. चांगलं स्की येणाऱ्यांनी, शांतता हवी असणाऱ्यांनी तिथे जावं.

नकाशावरच्या रेषा

गाव ठरलं की शॅलेचा नेमका पत्ता मागा. काही मालक बुकिंग होईपर्यंत पत्ता देत नाहीत. अशा वेळी निदान जवळच्या चौकाचं किंवा हॉटेलचं नाव विचारा. मग स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशा विभागाचा, स्विसटोपोचा, नकाशा उघडा. तो इंटरनेटवर फुकट आहे. आल्प्सच्या भागातल्या 1:25,000 नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा 20 मीटरचा फरक असतो. स्टेशन ते घर यांमध्ये किती रेषा ओलांडाव्या लागतात ते बोटाने मोजा. एक रेषा असेल तर निवांत. तीन असतील तर साठ मीटर, म्हणजे वीसेक मजले चढून जाणं. रोज. स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, पाय गळालेले असताना.

माझा हिशेब असा: घर लिफ्टपासून सपाटीवर चारशे मीटर असलं तरी चालेल, चढावरचे दोनशे मीटरही नकोत. सकाळचा उतार फसवा असतो, कारण रात्रीत गोठलेल्या रस्त्यावर उतरताना माणूस जास्त घसरतो. रस्त्याचा बर्फ पालिका काढते की मालकाने काढायचा, आणि दारापुढच्या पायऱ्या कोण साफ करतं, हेही विचारून घ्या. "तुम्हीच" असं उत्तर आलं तर फावडं घरात आहे ना, हा पुढचा प्रश्न.

चढाला एक तोड आहे. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानांपैकी बरीच लिफ्टजवळ किंवा स्टेशनजवळ सामान ठेवायची सोय देतात. संध्याकाळी स्की आणि बूट तिथेच ठेवायचे, साधे बूट घालून घरी यायचं. घर मनासारखं आहे पण वर आहे, असं असेल तर हा खर्च करा आणि तो घरभाड्यातच धरा.

जाहिरात वाचायची कशी

स्विस जाहिरातीत "साडेतीन खोल्या" असं दिसतं आणि आपण तीन बेडरूम समजून बसतो. तिथे बैठकीची खोली मोजणीत धरतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत. अर्धी खोली म्हणजे बहुधा जेवणाचा कोपरा. तेव्हा साडेतीन खोल्यांत झोपायच्या खोल्या दोनच. "सहा जणांसाठी" असं लिहिलं असेल तर त्यातले दोन जण बैठकीतल्या सोफ्यावर झोपणार, हे गृहीत धरा. सकाळी सातला ज्याला चहा लागतो आणि आठपर्यंत ज्याला झोप लागते, असे दोघं एका गटात असले की या सोफ्यापायी भांडण ठरलेलं.

फोटो कुठल्या ऋतूतले आहेत ते बघा. खिडक्यांत लाल जिरेनियमच्या कुंड्या दिसल्या की समजा, फोटो उन्हाळ्यातले. त्यात घर सुंदर दिसेल, पण हिवाळ्यातली वाट, पायऱ्या आणि ऊन कळणार नाही. ऊन हा मुद्दा छोटा नाही. या दऱ्या इतक्या खोल आहेत की डिसेंबर-जानेवारीत काही घरांवर जेमतेम थोडा वेळ ऊन येतं. वेंगेनची सपाटी त्या बाबतीत लाउटरब्रुनेनच्या दरीतळापेक्षा कितीतरी बरी. मालकाला जानेवारीतला फोटो मागा. ज्याच्याकडे तो नसतो, तो बहुतेक हिवाळ्यात तिथे फिरकतच नाही.

भाड्याखेरीज काय द्यावं लागेल, ते लेखी घ्या: शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, चुलीची लाकडं आणि कुरटॅक्स. कुरटॅक्स हा माणशी, रात्रीच्या हिशेबाने घेतला जाणारा पाहुणेकर. तो भरला की पाहुण्यांचं कार्ड मिळतं. त्यावर गावातल्या सवलती असतात, तेव्हा ते मागून घ्या.

आठवडा निवडताना दोन तारखा टाळा. एक, फेब्रुवारीतली शाळांची सुट्टी. ती प्रत्येक कँटनची, म्हणजे स्विस राज्याची, वेगवेगळ्या आठवड्यांत असते, त्यामुळे जवळजवळ महिनाभर गर्दी राहते. दुसरी, जानेवारीच्या मध्यावरची लाउबरहॉर्नची स्की-शर्यत. ही शर्यत 1930 पासून वेंगेनला होते. तिचा उतार जवळपास साडेचार किलोमीटरचा, विश्वचषकातला सर्वांत लांब. 2013 मध्ये तिथे एका फ्रेंच स्कीपटूने ताशी 161.9 किलोमीटरचा वेग गाठला होता. बघायला जरूर जा, पण त्या आठवड्यात शांत सुट्टीची अपेक्षा धरू नका. स्वस्त आणि मोकळं हवं असेल तर शर्यत आटोपल्यावरचा जानेवारी. दिवस मोठा हवा असेल तर मार्च, मात्र तेव्हा दुपारनंतर उन्हाकडच्या उतारांवर बर्फाचा लगदा होतो.

शनिवार

हंगामात शॅले बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात. सकाळी नऊ-दहाला आधीचे पाहुणे बाहेर पडतात, दुपारी तीन-चारला तुम्ही आत. मधल्या वेळात सगळं गाव बॅगा ओढत असतं.

इंटरलाकेन ओस्टहून वर जाणारी गाडी त्स्वायल्युट्शिनेनला दुभंगते. अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला, अर्धे लाउटरब्रुनेनला. फलाटावर आणि डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढा. एका गटातले तिघं एका डब्यात आणि बॅगा दुसऱ्यात, असं झालं तर बॅगा भलत्याच दरीत जातात.

घरात शिरण्याआधी किराणा भरा. रविवारी स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक दुकानं बंद असतात. पर्यटनाच्या गावांत हंगामात काही उघडतात, पण थोड्या वेळासाठी. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं दूध, ब्रेड, अंडी, भाज्या घेऊन ठेवा. पहिल्या रात्री फोंड्यू किंवा राक्लेट हे वितळलेल्या चीजचे पदार्थ करायचे असतील तर त्यांची भांडी घरात आहेत का ते आधी विचारा; बहुतेक शॅलेत असतात. बॅगांना चाकं असतील तर पाठीवर घेता येणारी एक मोठी सॅकही ठेवा. पहिल्या फेरीत दूध-ब्रेड आणि पोरं, दुसऱ्या फेरीत बॅगा.

किल्ली बहुधा आकड्यांच्या पेटीत असते. पेटी गोठून उघडेनाशी झाली तर तिच्यावर गरम पाणी ओतायच्या फंदात पडू नका. ते पाणी दोन मिनिटांत आतच गोठतं. हातमोजे काढून तळहात पेटीवर दाबून धरा, नाहीतर गरम पाण्याची बाटली टेकवा. आमची पेटी पाचेक मिनिटांत सुटली.

पहिला तास घरासाठी

दार उघडल्यावर सामान टाकून बाहेर पळायचा मोह होतो. तासभर थांबा.

आधी छपराकडे बघा. शॅलेची वळचण मोठी असते. भिंती आणि लाकूड बर्फापासून वाचावं म्हणून ती तशी बांधतात. जुन्या घरांत छपरावरचा बर्फ मुद्दाम राहू देतात, कारण तो उष्णता धरून ठेवतो. पण ऊन पडलं किंवा घर तापलं की तो बर्फ एका दमात खाली येतो आणि त्याचं वजन माणसाला गाडण्याइतकं असतं. वळचणीखाली पोरांना बर्फाचा माणूस करू देऊ नका. लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभं राहून फोटोही नकोत. घराची कुठली बाजू सुरक्षित ते पहिल्याच दिवशी पोरांना फिरवून दाखवा.

मग हीटर. रेडिएटरच्या नॉबवरचे 1 ते 5 हे आकडे वेगाचे नसतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नको इतकी तापते, आणि मग लोक खिडकी अर्धवट उघडून बसतात. हवा खेळवायची तर पाच मिनिटं खिडक्या सताड उघडा आणि बंद करा. फरशीखालचं हीटिंग असेल तर त्याला हातच लावू नका. त्याचा परिणाम दिसायला अर्धा दिवस जातो.

गरम पाणी बहुधा बॉयलरच्या टाकीतून येतं, तेव्हा टाकीवरचा आकडा वाचा. 200 लिटरच्या टाकीत सहा जणांच्या लागोपाठ लांब अंघोळी होत नाहीत. डोंगरावरून सगळे एकदमच येतात, त्यामुळे तिघांनी संध्याकाळी आणि तिघांनी सकाळी असं पहिल्याच दिवशी वाटून घ्या.

लाकडाची चूल असेल तर मालकाने सांगितल्याखेरीज पेटवू नका. पेटवताना धुराड्याची झडप उघडी आहे ना ते बघा. स्विस पद्धत आपल्या समजुतीच्या उलटी आहे: खाली जाड ओंडके, त्यावर मध्यम, सगळ्यांत वर बारीक ढलप्या, आणि काडी वरून लावायची. जाळ हळूहळू खाली उतरतो आणि धूर फार कमी होतो. मला आधी हे खरंच वाटलं नाही. पहिल्या दिवशी खालून पेटवली, तर बैठकभर धूर झाला. राख झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाका. त्यातला निखारा एक-दोन दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून डबा लाकडी गॅलरीत नाही, दगडावर ठेवा. फॉन नावाचा कोरडा, उबदार वारा दक्षिणेकडून दरीत उतरतो तेव्हा तर अधिकच जपायला हवं. शेजारच्या हास्ली खोऱ्यातलं मायरिंगेन गाव 1879 आणि पुन्हा 1891 मध्ये फॉनच्या वाऱ्यात आगीने बेचिराख झालं होतं. गावात फॉनची सूचना लागली की आग पेटवायची नाही. त्याच वाऱ्याने वरच्या लिफ्टही बंद पडतात, तेव्हा तो दिवस पत्त्यांचा.

कचरा नगरपालिकेच्या कर भरलेल्या पिशवीतच टाकायचा. काचा आणि प्लॅस्टिकच्या पेट (PET) बाटल्या वेगळ्या. घरात बूट घालून फिरायचं नाही आणि रात्री दहानंतर आवाज नाही. लाकडी घरात खालच्या मजल्यावरच्याला वरच्याचं पाऊलही ऐकू येतं.

बूट

स्कीच्या सुट्टीचा विचका बर्फाने कमी आणि बुटाने जास्त होतो. दुकानात जायला रविवारची सकाळ निवडू नका, शनिवारीच संध्याकाळी जा. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, तळपायाची लांबी मोजून. पातळ मोजा एकच घाला. दोन जाड मोजे घातले की पाय दबतो, रक्त कमी खेळतं आणि गारठा जास्त लागतो. थर्मल पँटची कड बुटात खुपसू नका, त्या एका दुमडीने नडगी सोलवटून निघते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकायला हवीत. टाच उचलता कामा नये. हे सगळं होईपर्यंत दुसरा, तिसरा जोड मागा. दुकानदाराला वाईट वाटत नाही, त्याचं ते रोजचंच आहे.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, किती ताकदीला सुटावं हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीतला अनुभव यांवरून ठरतं. वजन चोरून सांगू नका आणि अनुभव फुगवून सांगू नका. पडल्यावर स्की पायातून सुटली नाही तर गुडघा जातो.

रात्री बूट बाहेरच्या थंड खोलीत ठेवले तर सकाळी ते दगडासारखे कडक होतात आणि पाय आत जात नाही. आतला मऊ भाग मोकळा करून, बकला सैल सोडून उबदार जागी ठेवा, पण रेडिएटरवर किंवा चुलीसमोर नको. प्लॅस्टिकचा आकार बिघडतो.

डोंगरावर

सकाळी निघण्याआधी दोन गोष्टी बघा: कुठल्या लिफ्ट चालू आहेत आणि हिमस्खलनाचं पत्रक. दावोसची हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात ते संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला काढते. धोका 1 ते 5 अशा पायऱ्यांत असतो. 3 हा आकडा मधला दिसतो म्हणून मध्यम समजू नका. त्या पातळीला गंभीर अपघात भरपूर होतात. तुम्ही आखलेल्या उतारांवरच राहणार असाल तर पत्रकाचा थेट संबंध कमी, पण वरच्या वाटा का बंद आहेत ते त्यावरून कळतं.

स्वित्झर्लंडमध्ये उतारांचे रंग तीन: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. पिवळी खूण दिसली तर ती वाट स्खलनापासून राखलेली असली तरी यंत्राने सपाट केलेली नसते आणि तिच्यावर गस्तही नसते. नवशिक्यांनी तिकडे फिरकू नये. नियम पाठ करायचाच तर एक करा: पुढे, म्हणजे खाली, जो आहे त्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने सांभाळायचं. थांबायचं तर कडेला, वळणामागे किंवा अरुंद जागी नाही.

शेवटची लिफ्ट किती वाजता ते दुपारीच बघून ठेवा. उतार बंद झाल्यावर त्यावर राहायचं नाही. बर्फ सपाट करणारी यंत्रं चढावर पोलादी तारेला बांधून चालवतात. ती तार अंधारात दिसत नाही आणि अचानक ताणली जाते. "अजून एक शेवटची फेरी" या हौसेपायी माणसं जिवानिशी गेली आहेत.

विमा घेताना त्यात स्की आणि उतारावरून उचलून आणण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. ती मदत फुकट नसते. फोनमध्ये 144 रुग्णवाहिकेसाठी, 1414 रेगाच्या बचाव हेलिकॉप्टरसाठी आणि 112 हा सर्वसाधारण आपत्कालीन, असे नंबर ठेवा. हेल्मेट इथे सक्तीचं नाही, तरी बहुतेक सगळे घालतात, तुम्हीही घाला. ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनक्रीम लागतंच, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीच्या खालची बाजू भाजते, तीच नेहमी विसरली जाते.

आठवड्यात एक दिवस स्कीविना ठेवा, शक्यतो चौथा. तोवर मांड्या संपावर गेलेल्या असतात. युंगफ्राउयोख या खिंडीतल्या रेल्वे स्टेशनला जायचं तर ते 3454 मीटरवर आहे, पायऱ्या हळू चढा. गुलाबी पाट्या लावलेल्या हिवाळी पायवाटा चालायला छान असतात. ग्रिंडेलवाल्डची व्हेलोगेमेल नावाची लाकडी बर्फसायकल 1911 पासून तिथे चालते आणि अजूनही भाड्याने मिळते. फाउलहॉर्न शिखरावरून ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा स्लेजचा (बर्फावरच्या घसरगाडीचा) उतार 15 किलोमीटरचा आहे, पण त्याआधी फर्स्टवरून अडीच तास स्लेज ओढत चढायचं असतं. हे तिथे कुणी आपणहून सांगत नाही.

निघायची सकाळ

शुक्रवारी रात्रीच भाड्याचं सामान परत करा. शनिवारी सकाळी दुकानात रांग असते. घरातल्या भांड्यांची यादी कपाटात चिकटवलेली असते, तिच्याशी ग्लास मोजून बघा आणि फुटलेला असेल तर आपणहून सांगा. "शेवटची साफसफाई" भाड्यात असली तरी भांडी धुणं, कचरा नेणं आणि चूल साफ करणं सहसा तुमच्याकडे असतं.

रेडिएटर पूर्ण बंद करू नका. पुढचे पाहुणे उशिरा आले तर पाइप गोठून फुटतात. मालकाने काही सांगितलं नसेल तर नॉब 2 च्या आसपास ठेवा. खिडक्या बंद, धुराड्याची झडप बंद, पण चूल पूर्ण थंड झाल्यावरच. बॅगा बाहेर काढण्याआधी वाटेवर थोडी खडी टाका. दाराशी तिची पेटी असते. स्टेशनवर सामान नेणारी बॅटरीची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण शनिवारी सकाळी नऊला ती सगळ्यांनाच हवी असते.